बेल एकदाच वाजवावी : असिटिलकोलीन रिसेप्टरबद्दल थोडं

आमचं मेडिकल पुण्यात पेठेत आहे, टिळक रोडपासून चालत पाच मिनिटं. काउंटरला उभं राहून मला बावीस वर्षं झाली, आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे मागच्या रॅकवरची कितीतरी खोकी, डोळ्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स, दम्याचा एक पंप, पोटात मुरडा येतो त्याची गोळी, गाडी लागते त्याची गोळी, लघवी आवरत नाही त्याची, विसरायला होतं त्याची, आणि तंबाखू सोडवायचं च्युइंगगम, ही सगळी शरीरात जाऊन एकाच जागी उचापती करतात. त्या जागेचं नाव असिटिलकोलीन रिसेप्टर. कॉलेजात पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं, विसरलो. परत आठवायला लागलं ते आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे.

काकू दुकानात यायच्या त्या संध्याकाळी सात-साडेसातला, आणि बोलताना हनुवटी वर करून बघायच्या. मला आधी वाटलं रागावल्यात. मग कळलं की डावी पापणी अर्धी खाली आलेली असते, म्हणून त्या खालच्या फटीतून बघतात. "सकाळी अगदी ठणठणीत असते हो मी," म्हणाल्या, "संध्याकाळी मात्र तुमच्या दुकानाचं शटर अर्धं ओढल्यासारखं होतं." चष्म्याचा नंबर बदलून झाला होता, बी-१२ ची इंजेक्शनं झाली होती, कोणीतरी टेन्शन आहे सांगितलं होतं, कोणीतरी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. जाता जाता म्हणाल्या, भाकरी अर्धी झाली की जबडा दुखत नाही पण दमतो, थांबून परत खायला लागतं. दमतो हा शब्द ऐकून मी म्हटलं काकू, आता ड्रॉप्स नकोत, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. निघालं ते मायस्थेनिया ग्रॅव्हिस. त्याचं काय होतं ते सांगतोच, पण आधी ती जागा नीट समजून घेऊ.

नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये फट असते, डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. नसेतून वीज येते ती फटीपाशी येऊन थांबते, आणि तिथून पुढे निरोप जातो तो केमिकलने. नसेच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेका पिशवीत हजारो रेणू, ते फटीत ओतले जातात आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसतात. ते रेणू म्हणजे असिटिलकोलीन. पलीकडच्या भिंतीवर जे प्रोटीन त्यांची वाट बघत असतं तो रिसेप्टर. पुस्तकात याला कुलूप-किल्ली म्हणतात, पण मला ते पटत नाही, किल्ली लावली की दार उघडून आपण आत जातो, इथे असिटिलकोलीन आत बित काही जात नाही. ते फक्त बेल दाबतं. म्हणून मी बेल म्हणतो. पुणेकराला बेल लगेच कळते, कारण आपल्याकडे बेलच्या खाली पाटी असते, बेल एकदाच वाजवावी, आतले लोक बहिरे नाहीत.

आणि शरीरातसुद्धा अगदी हाच नियम आहे. बेल दाबली की बोट लगेच काढलं पाहिजे. ते काढायचं काम एका एन्झाइमकडे असतं, असिटिलकोलिनेस्टरेज, त्या फटीतच बसलेलं असतं, एकच रेणू सेकंदाला हजारो असिटिलकोलीन तोडून टाकतो. म्हणजे दाबलं, वाजलं, बोट काढलं, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात. हे वाचताना तुमची नजर ओळीवरून सरकतेय तेवढ्यात सुद्धा डोळ्याच्या स्नायूंत हे चालूच आहे. तर आता गडबड किती प्रकारे होऊ शकते बघा. दाबणाराच आला नाही. बेलवर कोणी हात ठेवून बसलं. बोट काढणारा गायब झाला म्हणून बेल वाजतच राहिली. किंवा भिंतीवरची बेलच कोणी उखडून नेली. या विषयातली बहुतेक औषधं, बहुतेक विषं आणि बरेचसे आजार या चारांत बसतात, खरंच.

मुळात नस केमिकलने बोलते हेच शंभर वर्षांपूर्वी लोकांना पटत नव्हतं, सगळी वीजच असणार असं बऱ्याच जणांचं मत होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोएवी नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२१ साली प्रयोग छापला. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही खारट पाण्यात धडधडतायत, एकाची व्हेगस नावाची नस चेतवली तर ते मंदावलं, मग त्याच्या आजूबाजूचं पाणी उचलून दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि त्याला कोणी हात लावला नव्हता तरी ते पण मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. लोएवी सांगायचे की हा प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला, रात्री उठून कागदावर लिहिला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! (डॉक्टरांचं अक्षर हा जागतिक विषय आहे, आम्हा मेडिकलवाल्यांना विचारा.) पुढच्या रात्री परत तेच सुचल्यावर मात्र ते लिहीत बसले नाहीत, तडक लॅबमध्ये गेले. त्यांना आणि इंग्लंडच्या हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

डेल यांनी त्याआधी, १९१४ मध्ये, एक फार कामाची गोष्ट दाखवली होती. असिटिलकोलीनची कामं दोन गटांत पडतात. काही कामं निकोटिन दिलं तरी होतात, निकोटिन म्हणजे तंबाखूतलं. काही कामं मस्करीन दिलं तरी होतात, ते एका विषारी अळंबीतलं. (मस्करीचा काही संबंध नाही.) म्हणून बेलच्या दोन जाती, निकोटिनिक आणि मस्करिनिक. एकच बोट, पण बेला वेगळ्या.

निकोटिनिक बेल म्हणजे बेल आणि दार एकत्रच. पाच तुकडे गोल उभे करून मध्ये भोक ठेवलेलं, दोन असिटिलकोलीन येऊन बसले की भोक उघडतं, सोडियम आत घुसतं, स्नायू आवळतो. मध्ये कोणी नाही, काम तडकाफडकी. हात, पाय, डोळे, जबडा, श्वासाचा पडदा, आपण हलवतो ते सगळं यावर चालतं, आणि मेंदूत पण या जातीच्या बेला आहेत पण त्यांचे तुकडे जरा वेगळे. मस्करिनिक बेल म्हणजे जुना वाडा. खाली दिंडीदरवाजाशी बेल वाजते, खालचा बिऱ्हाडकरू ऐकतो, तो जिन्यात येऊन वर हाक मारतो, वरचे स्वयंपाकघरात सांगतात, मग काय करायचं ते ठरतं. वेळ लागतो, पण त्यात एक सोय आहे, कुठल्या वाड्यात काय ठरेल ते वेगळं असू शकतं. एम-१ ते एम-५ अशा पाच उपजाती आहेत. हृदयात मुख्य एम-२, तिथे निरोप पोचला की ठोके हळू होतात. लाळ, आतडी, मूत्राशय, श्वासनळी, डोळ्याची बाहुली इथे मुख्यतः एम-३, तिथे लाळ सुटते, आतडी वळतात, श्वासनळी आवळते, बाहुली बारीक होते. रक्त बघून कोणी चक्कर येऊन पडतं ना, त्यात पण व्हेगस आणि एम-२ चा मोठा हात असतो.

आता काकूंकडे येतो. मायस्थेनियामध्ये आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्नायूवरच्या निकोटिनिक बेलांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. काही अँटिबॉडी बेलवर बसून राहतात, काही दोन बेला एकमेकींना बांधतात आणि मग स्नायू त्यांना ओढून आत घेऊन मोडीत काढतो, आणि काही तर भिंतीचा गिलावाच खरवडतात. हे कळलं कसं, तर १९७३ साली अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे रिसेप्टर काढून (त्या माशाच्या वीज तयार करणाऱ्या अवयवात हे रिसेप्टर ठासून भरलेले असतात) सशांना टोचले. त्यांना फक्त अँटिबॉडी हव्या होत्या, पण ससे लुळे पडायला लागले, आणि मायस्थेनियात देतात तसलं औषध दिल्यावर तात्पुरते उठून बसले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पेशंटच्या स्नायूंतल्या बेला मोजल्या आणि त्या खरंच कमी निघाल्या.

मोजल्या कशाने माहितीये? सापाच्या विषाने. तैवानमध्ये आपल्या मण्यारच्या नात्यातला एक साप आहे, त्याच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये एक प्रोटीन वेगळं काढलं, अल्फा-बंगारोटॉक्सिन, ते निकोटिनिक बेलवर जे बसतं ते जवळजवळ उठतच नाही. त्याला किरणोत्सर्गी खूण लावायची आणि मोजायचं किती चिकटलं. ज्याने माणूस मरतो त्याचीच मोजपट्टी केली, मला हे फार आवडतं.

पण मग सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी खाली, असं का? ही जागा जरा सावकाश वाचा, कारण सगळा आजार इथे आहे. शरीर हात सैल ठेवून चालतं. एका हालचालीला जेवढं असिटिलकोलीन लागतं त्याच्या कितीतरी जास्त ओतलं जातं आणि बेला पण गरजेपेक्षा जास्त लावलेल्या असतात. नस परत परत चेतवली तर दर वेळी ओतलं जाणारं असिटिलकोलीन थोडं थोडं कमी होत जातं, हे तुमच्या माझ्यात पण होतं, पण शिल्लक एवढी असते की कळतही नाही. काकूंकडे बेलाच थोड्या उरल्यात. पहिल्या काही वेळी भरपूर ओतलं जातं म्हणून काम भागतं, मग ओतणं कमी झालं की काही स्नायूतंतूंपर्यंत निरोप पोचतच नाही. महिनाअखेरीला पगार तेवढाच असतो पण शिल्लक नसलेल्या घरात आधी तंगी दिसते, तसं. पापणी आणि डोळे फिरवणारे स्नायू दिवसभर एक मिनिट सुट्टी घेत नाहीत, म्हणून तंगी आधी तिथे दिसते, पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. मग चावणं, गिळणं, बोलणं, मान, हात वर करून केस विंचरणं. विश्रांती घेतली की परत बरं वाटतं, आणि यामुळेच घरच्यांना वाटतं नाटकं आहेत. श्वासाच्या स्नायूंवर आलं तर मात्र इमर्जन्सी, तिथे वाट बघायची नाही.

तपासताना डॉक्टरांनी काकूंच्या मिटलेल्या पापणीवर हातमोज्यात बर्फ घालून दोन मिनिटं धरला, आणि बर्फ काढल्यावर शटर वर! काकू मला चार वेळा सांगून गेल्या. थंडीत ते बोट काढणारं एन्झाइम सुस्तावतं, असिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं, एवढंच. नंतर रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट झाली. आजार सगळ्या अंगात पसरलेल्या पेशंटपैकी साधारण ८५ टक्के लोकांत ही टेस्ट पॉझिटिव्ह येते, उरलेल्यांत काहींना मस्क नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी असतात. छातीचा स्कॅन पण झाला, कारण छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, या आजारात साधारण दहातल्या एकाला तिथे गाठ सापडते, आणि गाठ नसली तरी काही पेशंटना ती ग्रंथी काढल्याने फायदा होतो.

गोळी सुरू झाली पायरिडोस्टिग्मिन. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते. या उपचाराचं श्रेय मेरी वॉकर या डॉक्टर बाईंना, त्यांनी १९३४ मध्ये लंडनमध्ये त्याच जातीचं फायसोस्टिग्मिन देऊन बघितलं, कारण त्यांना वाटलं हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेत बाणाला लावायचं विष, तेही याच बेलवर हात ठेवून बसतं. (आज ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले करायला देतात ती बरीच इंजेक्शनं याचीच भावंडं, आणि ऑपरेशन संपल्यावर ती उतरवायला बऱ्याचदा मेरीबाईंचीच युक्ती वापरतात.) काकूंची एक गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करायला लागते आणि तीन-चार तास पुरते, म्हणून त्या ती जेवणाच्या आधी मोबाईलवर अलार्म लावून घेतात.

पहिल्या आठवड्यातच तक्रार आली. "अरे, पापणी वर गेली पण पोट बिघडलं. तोंडाला सारखं पाणी सुटतं." मी म्हटलं हे होणारच. गोळीला थोडंच माहितीये कुठल्या फटीतलं बोट धरून ठेवायचंय, स्नायूतलं असो नाहीतर आतड्यातलं, ती सगळीकडेच एन्झाइम अडवते, आणि आतड्यातल्या मस्करिनिक बेला पण वाजत राहतात. डॉक्टरांनी डोस जरा वाटून दिला, झालं बरं. ही गोळी आजार मुळातून कमी करत नाही हे पण सांगायला हवं, अँटिबॉडी कमी करायला स्टेरॉइड आणि तसली औषधं लागतात, फारच बिघडलं तर प्लाझ्मा बदलतात किंवा इम्युनोग्लोबुलिन देतात. ते सगळं न्यूरॉलॉजिस्टचं काम, मेडिकलवाल्याचं नाही.

माझं काम वेगळं होतं. मायस्थेनियाच्या पेशंटला काही साधी साधी औषधं महागात पडू शकतात, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातली अँटिबायोटिक, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, काही बीपीच्या गोळ्या, ही तोकडी शिल्लक अजून खाली आणतात. आणि पुण्यात घसा धरला की लोक स्वतःहून येऊन "ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या" म्हणतात, ती अझिथ्रोमायसिनच असते. काकूंनी काय केलं, घरी दाराच्या आतल्या बाजूला पाटी लावली, मुलाकडून प्रिंट काढून, "मला मायस्थेनिया आहे. अँटिबायोटिक देण्यापूर्वी विचारावे. न विचारता दिल्यास अपमान होईल." शेवटची ओळ त्यांची स्वतःची.

मस्करिनिक बाजूचा अनुभव घ्यायला आजारी पडायची गरज नाही, डोळे तपासायला जा. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. तिथला मुलगा दर दहा मिनिटांनी येऊन खालची पापणी ओढून एक थेंब टाकतो आणि सांगतो डोळे मिटून बसा, बाकावर आम्ही आठ जण माना मागे टाकून असे बसलेलो की कोणाला वाटेल सामूहिक ध्यान चाललंय. तो थेंब ट्रॉपिकामाइड, बाहुली बारीक करणाऱ्या स्नायूवरच्या बेलवर हात ठेवतो, मग बाहुली मोठी होते आणि डॉक्टरांना आतला पडदा दिसतो. बाहेर आलो भर दुपारी, कर्वे रोड असा पांढरा फटक दिसत होता, आणि मोबाईलवरचं एक अक्षर वाचता येईना कारण जवळचं बघताना भिंगाला बाक देणारा स्नायू पण याच बेलवर चालतो. गाडी तिथेच ठेवली, रिक्षा केली, मीटर दिसत नव्हता त्यामुळे त्याने सांगितले तेवढे दिले.

हाच हात सगळ्या अंगावर ठेवला तर काय होतं ते धोतऱ्यात दिसतं. महाशिवरात्रीला आपण पिंडीवर ती काटेरी फळं वाहतो, त्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. पोटात गेलं की तोंड कोरडं ठाक, बाहुल्या मोठ्या, घाम बंद म्हणून अंग तापतं, ठोके धावतात, लघवी तुंबते, माणूस भ्रमात जातो, नसलेल्या गोष्टी पकडायला लागतो. बघायला गेलं तर दम्याच्या पंपातलं टायोट्रोपियम, मुरड्याच्या गोळीतलं डायसायक्लोमिन हे या धोतऱ्याच्याच घराण्यातले पण शिकलेले सवरलेले.

आणि याच्या बरोबर उलटं चित्र म्हणजे फवारणी. माझं आजोळ नारायणगावकडे, टोमॅटोचा पट्टा. मी कॉलेजात असताना मामा वारा असताना फवारत राहिला, तोंडाला नुसता पंचा, संध्याकाळी घरी आला तो घामाने निथळत, तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, उलट्या, छातीत घरघर, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं ते बोट काढणारं एन्झाइमच निकामी करतात, किड्याचं करायचं असतं पण माणसाचं पण तेच आहे. सगळ्या बेला एकदम वाजत राहतात. दवाखान्यात त्याला अॅट्रोपिन चढवलं, म्हणजे धोतऱ्यातलंच, छाती कोरडी होईपर्यंत परत परत. तेव्हा मला वाटलं होतं विषावर विष म्हणजे गावठी कल्पना असते, तर नाही, हे पुस्तकात आहे.

पण अॅट्रोपिन फक्त मस्करिनिक बेला झाकतं. स्नायूंवरच्या निकोटिनिक बेला तशाच वाजत राहतात, स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून गप्प होतात, कारण सतत वाजणाऱ्या बेलला ही जात उत्तर द्यायचंच बंद करते. तेव्हा श्वास जातो, व्हेंटिलेटर लागतो. प्रालिडॉक्सिम नावाचं इंजेक्शन देतात, ते एन्झाइमवरचं विष सोडवायला बघतं पण ते लवकर दिलं तरच, उशीर झाला की विष पक्कं बसतं. मामा वाचला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, त्या बातम्या वाचताना मला फक्त त्या टाचणीएवढ्या बाहुल्या आठवत होत्या. अंगावर उडालं तर आधी कपडे काढून साबणाने अंग धुवा, कातडीतून पण जातं, आणि डब्यावरचं लेबल दवाखान्यात बरोबर न्या, डॉक्टरांना नाव लागतं.

गावाकडचा विषय निघालाच आहे तर साप. नागाच्या विषातले काही घटक थेट निकोटिनिक बेलवर बसतात, म्हणून पापण्या जड होणं ही पहिली खूण, अगदी मायस्थेनियासारखी, आणि म्हणूनच प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन (काकूंच्या गोळीचंच भावंड) बऱ्याचदा उपयोगी पडतं. मण्यार मात्र वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि डोळे उघडत नाहीत. तिचं विष मुख्यतः बेल दाबणाऱ्या बोटावरच घाव घालतं, नसेचं टोकच खराब होतं, तिथे बेलपाशी कितीही उपाय केले तरी फारसा उपयोग नाही, प्रतिविष आणि वेळेवर व्हेंटिलेटर हेच.

तंबाखूवर मी जास्त बोललो तर दुकानातली निम्मी गिऱ्हाईकं तुटतील, पण बोलतो. निकोटिन मेंदूतल्या निकोटिनिक बेला दाबतं आणि त्याला तोडायला ते एन्झाइम काही करू शकत नाही, म्हणजे बोट दाबलेलंच राहतं. बेला बधिर होतात. मग मेंदू काय करतो, जास्त बेला लावतो. रात्रभर झोपेत निकोटिन उतरतं, सकाळी त्या सगळ्या जादा बेला जाग्या होऊन कोणी दाबतंय का म्हणून बसलेल्या असतात, म्हणून पहिली सिगारेट किंवा पहिली मिसरी सगळ्यात गोड लागते. आमची आजी म्हणायची मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, तर ते खोटं नव्हतं, निकोटिन आतड्याच्या नसांना पण ढोसतं.

तंबाखूला चुना का लावतात याचं पण कारण आहे. चुन्याने तोंड अल्कली होतं आणि तसं झालं की निकोटिन गालातून पटकन रक्तात जातं. याच हिशोबाने निकोटिनचं गम घेताना आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत घेऊ नका सांगतात, आंबट झालं की निकोटिन गालातून फारसं जात नाही. आणि ते गम साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावायचं नसतं, चार-सहा वेळा चावा, झिणझिणलं की गालात ठेवून द्या, झिणझिण गेली की परत चावा. चावून गिळलं की उचक्या लागतात आणि लोक मला येऊन सांगतात तुमचं गम खराब आहे. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी अजून हुशार, ती बेल अर्धवट दाबून धरते, तलफ भागते पण मजा येत नाही आणि वरून सिगारेट ओढली तर जागा आधीच भरलेली. डॉक्टरांना विचारून घ्यायची.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त दमवलं ते सांगून थांबतो. एक आजोबा, नव्वदीला आलेले, सून दर महिन्याला औषधं न्यायला येते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाशी असिटिलकोलीन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून डोनेपेझिल देतात, तीच बोट-न-काढण्याची युक्ती, आजार थांबत नाही पण काहींना थोडे दिवस बरे जातात. आजोबांना ते सुरू झालं. दोन-तीन महिन्यांनी लघवी आवरेना झाली, चादरी बदलून सून रडकुंडीला आली, दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. मग आजोबा दुपारी वाड्यातल्या विहिरीबद्दल बोलायला लागले, जी १९८० सालीच बुजवली होती. घरच्यांना वाटलं आजार वाढला.

दोन्ही स्ट्रिप मी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत राहिलो. एक गोळी असिटिलकोलीन टिकवायला बघतेय. दुसरी त्याच बेलवर हात ठेवतेय. पहिलीमुळे मूत्राशयातली बेल जास्त वाजली म्हणून लघवी सुटली असणार, ती दाबायला दुसरी आली, आणि ती मेंदूत पण शिरते. वर सर्दीची गोळी चालू होती, त्यात क्लोरफेनिरामिन, तेही थोडं याच घराण्यातलं, आणि प्रवासात गाडी लागते म्हणून घेतलेली गोळी पर्समध्ये. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, कोणाचीच चूक म्हणता येणार नाही, कारण दोघांनी एकमेकांची चिठ्ठी बघितली नव्हती. मी औषध बंद करा असं सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही, एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहून दिली आणि म्हटलं हा कागद पहिल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, बाकी काही बोलू नका.

पुढच्या महिन्यात चिठ्ठी बदलून आली. सर्दीची गोळी गेली होती, ऑक्सिब्युटिनिनच्या जागी मिराबेग्रॉन, ते लघवीसाठीच पण दुसऱ्याच बेलवर काम करतं. सून म्हणाली विहीर अजून अधूनमधून येते बोलण्यात, पण रोज नाही, आणि परवा त्यांनी तिला नावाने हाक मारली. मग म्हणाली, अहो पण घसा धरलाय माझा, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या ना.